लोणारचे मीठ आणि इंग्रजीतले ‘सॉल्ट’

मेहकरहून सुलतानपूरमार्गे लोणार फार दूर नाही. घाटावरच्या पुष्कळ शाळांची एखादी तरी सहल या सरोवराला जाऊन आलेली असते. काठावर उभे राहून मुले सांगितलेले आकडे वहीत उतरवून घेतात : विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून तळापर्यंत खोली सुमारे १५० मीटर, खडक बेसाल्ट, कारण उल्कापात. इथपर्यंत साऱ्यांच्या वह्या सारख्या असतात. ‘पाणी कसे आहे?’ या प्रश्नाला मात्र तीन प्रकारची उत्तरे येतात. कोणी लिहितो ‘खारट’, कोणी ‘क्षारयुक्त’, कोणी ‘अल्कधर्मी’. शिक्षक तिन्ही उत्तरांना बरोबरची खूण करतात, आणि ती योग्यही आहे. पण ही तीन उत्तरे म्हणजे एकच गोष्ट तीन शब्दांत सांगितलेली नाही. त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक वाटण्याचे कारण शोधत गेलो, तर आपण एका साध्या इंग्रजी शब्दापाशी येऊन थांबतो. तो शब्द म्हणजे ‘सॉल्ट’.

शब्दकोशात ‘सॉल्ट’चा पहिला अर्थ मीठ असा दिलेला असतो. पण रसायनशास्त्राच्या पुस्तकात मोरचूद हे सॉल्ट असते, तुरटी हे सॉल्ट असते, जिप्सम हेही सॉल्टच. जुन्या मुरलेल्या खलाशालाही इंग्रज माणूस ‘सॉल्ट’ म्हणतो. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या दोघांनी संगणकावरचे परवलीचे शब्द चोरांपासून कसे राखावेत यावर एक निबंध लिहिला. त्यात प्रत्येक शब्दाला जोडायच्या यादृच्छिक अंकांना त्यांनी ‘सॉल्ट’ म्हटले, आणि तो अर्थही आता रूढ झाला आहे. एका शब्दाला इतके अर्थ असणे हे काही नवल नाही. पण हा शब्द शास्त्रात शिरला, मग भाषांतर होऊन आपल्याकडे आला, आणि आपल्याकडे त्याआधीच दोन चांगले शब्द नांदत होते. तिथे घोटाळा झाला.

लवणासुराचे गाव

मेहकरची कथा मेघंकर राक्षसाची. शार्ङ्गधर रूपातल्या विष्णूने त्याला मारले, म्हणून गावाला हे नाव पडले असे सांगतात. १८८८ साली सापडलेली शार्ङ्गधर बालाजीची भव्य काळी मूर्ती आज मेहकरच्या मंदिरात आहे. लोणारची कथाही याच धर्तीची आहे. तिथला राक्षस लवणासुर आणि त्याला मारणारा विष्णू दैत्यसूदन. राक्षसाचे नाव आधीचे की गावाचे, यात आम्ही पडत नाही. ‘लवण’ हा शब्द मात्र दोन्हींत आहे, आणि ‘लवण’ म्हणजे मीठ.

अकबराच्या काळात वऱ्हाडच्या सुभ्यात मेहकर हे एका सरकारचे ठाणे होते आणि लोणार त्यात मोडत होते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख केला आहे तो तीर्थ म्हणून आणि उत्पन्नाचे ठिकाण म्हणूनही. काच आणि साबण करायला लागणारे सारे पदार्थ इथे मिळतात, असे तो नोंदवतो. ही नोंद एखाद्या रसायनशास्त्रज्ञाला शोभेल अशी आहे. काच आणि साबण या दोन्हींना जे लागते ते मीठ नव्हे. दोन्हींना लागतो तो सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. वाळू वितळवताना सोडा घातला की ती कमी तापमानाला वितळते. तेलाचा साबण व्हायलाही आम्ल नव्हे, मीठ नव्हे, तर दाहक खारच हवा. सोड्यावर चुन्याची प्रक्रिया केली की तो मिळतो. म्हणजे गावाचे नाव मिठाचे, पण गावाचा माल सोड्याचा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस ग्लॅडविनने या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. त्यात इथल्या कारखान्यांना त्याने ‘सॉल्टपीटर’चे कारखाने म्हटले आहे. सॉल्टपीटर म्हणजे शोरा, बंदुकीच्या दारूत पडणारा पोटॅशियम नायट्रेट. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘दगडावरचे मीठ’ असा होतो. लोणारच्या पाण्याची जी पृथक्करणे पुढे झाली त्यांत मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड सापडतात. शोऱ्याचे हे ठिकाण नव्हे. पांढरे, जमिनीवर फुलून येणारे, पाण्यात विरघळणारे ते सारे ‘सॉल्ट’, ही त्या काळच्या युरोपीय माणसाची सवय होती. त्या सवयीचा लोणारला बसलेला हा पहिला फटका म्हणता येईल.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवर पाहिले आणि त्यानंतर युरोपियनांच्या नोंदी वाढत गेल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाला आणि तळाला जे थर जमत, ते गोळा करून विकले जात. जुन्या नोंदींत त्यांची डल्ला, निमक-डल्ला, पापडी अशी वेगवेगळी नावे आढळतात. नावे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. ‘निमक’ म्हणजे मीठ हा शब्द एकाच प्रकाराला लावला आहे, सगळ्यांना नाही. चिखलात उभे राहून हे थर काढणाऱ्या माणसांना मीठ कोणते आणि खार कोणता हे पक्के ठाऊक होते. १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी लोणारवर निबंध प्रसिद्ध केला. भूरचनेचा भाग ला टूश यांचा, आणि सोड्याच्या साठ्यावरची स्वतंत्र टिपणी ख्रिस्ती यांची. शास्त्राच्या दप्तरात तेव्हा ‘सोडा’ हे नाव आले. लोकांच्या दप्तरात हा भेद आधीपासूनच होता.

हा सोडा येतो कुठून? सरोवराला पाणी येऊन मिळते, पण बाहेर जायला वाट नाही. भोवतालच्या बेसाल्टवरून आणि झऱ्यांतून येणारे पाणी गोडे असते. त्यात थोडे सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतात. ऊन पाणी उडवून नेते, विरघळलेले पदार्थ मागे राहतात. दाटी वाढली की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेटच्या रूपाने आधी तळाशी बसतात. उरतो तो सोडियम. त्याच्या जोडीला कार्बोनेटही असतो आणि क्लोराइडही. म्हणून लोणारच्या पाण्यात मीठही आहे आणि सोडाही आहे, आणि त्याचा सामू १० च्या आसपास मोजला गेला आहे. समुद्राचे पाणी लोणारपेक्षा जास्त खारट असू शकते, पण त्याचा सामू ८ च्या थोडाच वर असतो. खारटपणा आणि अल्कधर्म या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

मीठ गोड, लोणी अळणी

आपल्या भाषेकडे वळू. मराठी ‘मीठ’ हा शब्द संस्कृत ‘मिष्ट’वरून आला, म्हणजे मुळात त्याचा अर्थ गोड, रुचकर. हिंदी भाषकाने ‘मीठा’ म्हटले की साखर आठवते, आणि आपल्याला मीठ. गुजरातीत तर ‘मीठुं’ हा एकच शब्द दोन्हींचे काम करतो. ज्या मिठापूरला टाटा केमिकल्सचा कारखाना १९३९ साली उभा राहिला, त्या मिठापूरचे मीठ हे आपलेच मीठ. गंमत अशी की तिथे मिठापासून सोडा करतात. लोणारने जो माल आयता दिला, तो तिथे कारखान्यात मिठावर प्रक्रिया करून तयार होतो. ही खटपट पहिल्यांदा यशस्वी केली ती फ्रान्समध्ये निकोला लब्लांक याने, १७९१ साली. सोडा स्वस्त झाला आणि जगभरच्या नैसर्गिक सोड्याच्या लहान तळ्यांचे महत्त्व ओसरत गेले.

‘लवण’ मराठीत ‘लोण’ झाले. शेंदेलोण, पादेलोण यांत ते आहे, आणि लोणच्यातही आहे. ‘लावण्य’ हा शब्दही ‘लवण’चाच, ज्याला मीठ पडले आहे असे रूप, ही कल्पना फार सुंदर आहे. लोणी मात्र यातले नव्हे. ते ‘नवनीत’वरून आले. मुले हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून सांगून ठेवलेले बरे.

तिसरा शब्द ‘खार’. हा ‘क्षार’चा मराठी अवतार : पापडखार, सज्जीखार, जवखार, टाकणखार. यांतला एकही पदार्थ जेवणातल्या मिठाच्या जागी चालत नाही. पापडखार म्हणजे मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट, सज्जीखार म्हणजे सोडियम कार्बोनेट, जवखार म्हणजे जवाच्या राखेतले पोटॅशियम कार्बोनेट, टाकणखार म्हणजे बोरॅक्स. सगळे अल्कधर्मी. पण याच ‘खार’पासून झालेले ‘खारट’ हे विशेषण आपण मिठाला लावतो. समुद्राच्या पाण्याला आपण ‘खारे’ म्हणतो. म्हणजे बोलीतही थोडी सरमिसळ आहेच; सारा दोष पाठ्यपुस्तकांवर टाकता येणार नाही.

संस्कृत वैद्यकात मात्र सरमिसळ नव्हती. सैंधव, सामुद्र, सौवर्चल ही लवणे वेगळी, आणि क्षार वेगळे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय केवळ क्षार तयार करण्यावर आहे. ठरावीक वनस्पती जाळून त्यांची राख घ्यायची, चुनखडी आणि शिंपले भाजून त्यात मिसळायचे, पाण्यातून गाळून आटवायचे. त्याचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे प्रकार सांगितले आहेत. आजच्या भाषेत बोलायचे तर राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटवर चुन्याची प्रक्रिया करून दाहक पोटॅश बनवण्याची ही कृती आहे. तयार क्षार लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवा असेही सांगितले आहे. उघडा ठेवला तर हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून तो पुन्हा मवाळ होतो; कारण ठाऊक नसले तरी अनुभव पक्का होता. आणि क्षाराने कातडी पोळली तर त्यावर आंबट पदार्थ लावा, म्हणजे त्याचा तीक्ष्णपणा जातो, असा उपाय दिला आहे. आम्ल आणि अल्क यांचे उदासिनीकरण ते हेच. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात या प्रकरणाची मोठ्या कौतुकाने दखल घेतली. आम्हाला त्या कौतुकापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते : इथे ‘क्षार’ म्हणजे अल्क, आणि फक्त अल्क.

ज्याच्यावरून नाव पडले तेच बाहेर

युरोपात ‘साल’ हा लॅटिन शब्द मिठाचा. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तो उचलला आणि त्याला तत्त्वाचा दर्जा दिला. त्याच्या मते प्रत्येक पदार्थ पारा, गंधक आणि मीठ या तीन तत्त्वांचा बनलेला होता; जळल्यावर जे मागे उरते, जे पदार्थाला घट्टपणा देते, ते मीठ. या मिठाचा भाजीतल्या मिठाशी संबंध नाही. पण त्यामुळे राखेतून निघणारे, पाण्यात विरघळणारे, स्फटिक होणारे काहीही ‘सॉल्ट’ म्हणवून घेऊ लागले. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या एप्समच्या कडू झऱ्यातून एप्सम सॉल्ट आले, ते मॅग्नेशियम सल्फेट. जर्मनीच्या ग्लाउबरने आपल्या सोडियम सल्फेटला ‘अद्भुत मीठ’ असे नाव दिले. राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटलाही सॉल्ट म्हणत आणि मूर्च्छा आलेल्यांना हुंगवायच्या अमोनियम कार्बोनेटलाही. उलट शिशाचे ॲसिटेट गोड लागते म्हणून ते ‘शिशाची साखर’ झाले. ते विषारी आहे हे इथेच सांगून टाकतो.

या गर्दीत शिस्त आणली ती पॅरिसच्या गियोम-फ्रान्स्वा रुएल या शिक्षकाने. त्याची व्याख्याने ऐकायला शहर लोटत असे. तरुण लाव्हाझिए त्याचा श्रोता होता. १७४४ साली रुएलने लवणांचे वर्गीकरण मांडले आणि १७५४ साली सांगितले की उदासीन सॉल्ट म्हणजे आम्ल आणि ‘बेस’ यांच्या संयोगातून होणारा पदार्थ. ‘बेस’ म्हणजे पाया. उडून जाणाऱ्या आम्लाला घट्ट बसायला आधार देणारा. आज आपण ‘आम्ल अधिक आम्लारी, म्हणजे क्षार अधिक पाणी’ असे फळ्यावर लिहितो, त्याची सुरुवात इथली. चव, रंग, विद्राव्यता यांवरून नव्हे, तर पदार्थ कशापासून झाला यावरून त्याला नाव देणे, ही मोठी झेप होती.

पुढे एक मजेदार अडचण आली. लाव्हाझिएची खात्री होती की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन या नावाचा अर्थच ‘आम्लजनक’. म्हणून सॉल्ट म्हणजे ऑक्सिजन असलेले आम्ल अधिक धातूचे ऑक्साइड. मिठाचे आम्लही असेच असणार, त्यातला ऑक्सिजन अजून वेगळा करता आलेला नाही इतकेच, असे सारे धरून चालले होते. १८०७ साली हंफ्री डेव्हीने दाहक सोड्यातून सोडियम वेगळा केला, आणि १८१० साली जाहीर केले की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, त्यात ऑक्सिजनचा मागमूस नाही. म्हणजे मीठ हे सोडियम आणि क्लोरीन यांचेच. त्यात ना ऑक्साइड, ना ऑक्सिजनयुक्त आम्ल. व्याख्या काटेकोरपणे लावली तर मोरचूद सॉल्ट, तुरटी सॉल्ट, पण मीठ मात्र सॉल्ट नव्हे! ज्या पदार्थावरून साऱ्या कुळाला नाव मिळाले तोच कुळाबाहेर गेला. बर्झेलियसला शेवटी मिठासारख्या पदार्थांसाठी ‘हॅलॉइड’ असा वेगळा वर्ग करावा लागला. ‘हाल्स’ म्हणजे ग्रीकमध्ये मीठ. हॅलोजन म्हणजे मीठजनक. तेव्हा हॅलॉइड सॉल्टचा शब्दशः अर्थ झाला ‘मिठासारखे मीठ’. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याला कारण ठरवलेले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव याच ‘हाल्स’चे.

अडचण सुटली ती आयनांनी. १८८० च्या दशकात स्वांटे अर्‍हेनियसने सांगितले की अशी द्रव्ये पाण्यात धन आणि ऋण आयनांत विभागली जातात. १९१३ मध्ये लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना दाखवली. त्यात सोडियम आणि क्लोरीनच्या वेगळ्या जोड्या नव्हत्याच. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, बुद्धिबळाच्या पटासारखे. हेन्री आर्मस्ट्राँग या वृद्ध इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला हे इतके पटले नाही की १९२७ साली त्याने ‘नेचर’मध्ये ‘बिचारे साधे मीठ!’ अशा अर्थाच्या मथळ्याचे पत्र छापून निषेध केला. मीठ मात्र कुळात परतले होते. आता सॉल्ट म्हणजे धन आणि ऋण आयनांचे संयुग, आणि मीठ त्याचा सर्वांत सोपा नमुना.

हळदीचा कागद

हा शब्द भारतीय भाषांत आणताना हिंदीने सॉल्टला ‘लवण’ म्हटले, अल्कलीला ‘क्षार’ आणि बेसला ‘क्षारक’. मराठी पाठ्यपुस्तकांनी सॉल्टला ‘क्षार’ म्हटले, अल्कलीला ‘अल्क’ आणि बेसला ‘आम्लारी’. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी सुसंगत आहेत. पण ‘क्षार’ हा एकच शब्द एकीकडे सॉल्ट आणि दुसरीकडे अल्कली. दहावीनंतर हिंदी मार्गदर्शक उघडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगितलेले नसते. आमचे स्वतःचे मत हिंदीच्या बाजूने झुकते, कारण सुश्रुतापासून पापडखारापर्यंतचा वापर तिकडचा आहे. तरी आता पाठ्यपुस्तके बदला असे आम्ही म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला शब्द उपटला की नवा घोटाळा तयार होतो. वर्गात दोन मिनिटे देऊन हा फरक बोलून दाखवला तरी काम भागते.

बोलण्यापेक्षा करून दाखवणे अधिक चांगले. गाळणकागदाला किंवा साध्या पांढऱ्या कागदाला हळदीचे दाट पाणी लावून वाळवा आणि पट्ट्या कापा. एका पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाका : पिवळा रंग तसाच. दुसरीवर पापडखाराच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका : लगेच तांबडा. खाण्याच्या सोड्याने रंग मंदच बदलतो, हेही पाहा. तांबड्या डागावर लिंबू पिळले की पिवळा परत येतो. हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करतात ते याच गुणावर. सहलीहून लोणारचे पाणी बाटलीतून आणले असेल तर तिसरी पट्टी त्यासाठी राखून ठेवा.

इथे चौकस मुलगा प्रश्न विचारील, आणि विचारावाच : धुण्याचा सोडाही आम्ल आणि आम्लारी यांच्यापासूनच झालेला, म्हणजे व्याख्येने तो क्षार, मग त्याचे पाणी अल्कधर्मी कसे? कार्बोनिक आम्ल दुबळे आहे. त्याचा कार्बोनेट आयन पाण्यात एकटा राहायला नाखूश असतो. तो पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन आयन ओढून घेतो, आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. हळद तांबडी करतो तो हा हायड्रॉक्साइड. मिठातला क्लोराइड आयन बलवान आम्लाचा, त्याला असली गरज नाही. म्हणून काही क्षार उदासीन, काही अल्कधर्मी, आणि मोरचुदासारखे काही चक्क आम्लधर्मी.

औषधाचे दुकान आणि शेत

औषधाच्या दुकानात ‘सॉल्ट तेच आहे, कंपनी वेगळी आहे’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. तिथे सॉल्ट म्हणजे औषधाचा मुख्य घटक. डायक्लोफेनॅक सोडियमच्या बाबतीत हे रसायनशास्त्रानेही खरे आहे. पॅरासिटॅमॉलच्या बाबतीत नाही, कारण ते सॉल्ट नव्हेच. जुलाबावर देतात त्या जलसंजीवनीच्या पुडीचे इंग्रजी नाव ‘सॉल्ट्स’ असे आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरसाठीच्या २०.५ ग्रॅमपैकी १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. रक्तदाबाच्या रुग्णाला ‘सॉल्ट कमी करा’ सांगतात तेव्हा रोख सोडियमवर असतो. तो पापडखारातही आहे, हे पापड आवडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

या साऱ्यात फारसे नुकसान होत नाही. शेतात होते. आपल्या जिल्ह्यात घाट उतरून खाली गेले की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो; शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागापासून पुढे अकोला-अमरावतीपर्यंत तो पसरला आहे. विहिरींचे पाणी खारे. याच पट्ट्यात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा इथे १९३० च्या एप्रिलमध्ये, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला.

या भागातल्या शेतकऱ्याच्या हाती माती परीक्षणाचा अहवाल येतो. त्यात एका ओळीवर ‘सामू’ आणि दुसऱ्या ओळीवर ‘क्षारता’ असते. इथे क्षारता म्हणजे मातीच्या द्रावणाची विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेले एकूण सॉल्ट किती, एवढेच. ‘क्षार’ म्हणजे खार असे समजणारा माणूस ही ओळ वाचून जमीन अल्कधर्मी आहे की नाही ते ठरवू पाहील, आणि चुकेल. १९५४ साली अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने घालून दिलेल्या आणि जगभर वापरल्या गेलेल्या निकषांप्रमाणे वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि सामू साडेआठपेक्षा कमी असेल तर जमीन क्षारयुक्त. वाहकता कमी पण सामू साडेआठच्या वर, आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या आयनांत सोडियम १५ टक्क्यांहून जास्त, तर ती चोपण. ‘चोपण’ हा शेतकऱ्याचा जुना शब्द आहे आणि तो इथे एकदम बिनचूक बसतो. ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी, पाणी वर साचून राहते आणि खाली मुरत नाही. पूर्णा खोऱ्यातल्या भारी काळ्या मातीत तर सोडियम १५ टक्क्यांच्या बराच खाली असतानाही निचरा बिघडू लागतो.

दोन्ही जमिनींचे उपाय वेगळे आहेत. क्षारयुक्त जमिनीला चर खणून चांगले पाणी द्यायचे, म्हणजे विरघळलेले क्षार धुऊन खाली जातात; जिप्समची तिथे गरज नसते. चोपण जमिनीला नुसते पाणी दिले तर ती आणखी बिघडते. थोडेफार विरघळलेले क्षार असतात तेच कणांना एकत्र धरून ठेवतात. ते धुतले गेले की सोडियमने फुगलेले कण सुटे होऊन मातीची छिद्रे बुजवतात. तिथे जिप्सम लागते. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, म्हणजे व्याख्येने क्षारच; ‘क्षाराने बिघडलेल्या जमिनीत आणखी क्षार टाका’ हा सल्ला ऐकून शेतकरी सांगणाऱ्याकडे संशयाने पाहतो, ते साहजिक आहे. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला ढकलून त्याची जागा घेतो. सुटलेला सोडियम सल्फेटबरोबर जातो आणि सोडियम सल्फेट तयार होते. हे ग्लाउबरचे ‘अद्भुत मीठ’च. ते पाण्यात सहज विरघळते, पण शेतात चर नसतील तर ते बाहेर जाऊ शकत नाही, आणि घातलेले जिप्सम वाया जाते.